आमोण्यातला निम्मा वाटा

बंगळूर, २५ सप्टेंबर १९८८

तीर्थरूप सगुणदादास, कमलाक्षीचा शिरसाष्टांग नमस्कार.

एक गोष्ट तू शंभर वेळा पाहिली असशील. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मिरचीवाल्या सगळ्या एकाच रांगेत बसतात. एकीच्या गोणपाटाला दुसरीचे गोणपाट लागलेले. साधा विचार केला तर प्रत्येकीने बाजाराचा वेगळा कोपरा धरायला हवा. शेजारी तोच माल मांडलेला असताना आपले गिऱ्हाईक कोण कशाला घालवून घेईल? तरीही नवी आलेली बाई रिकामा कोपरा सोडून त्याच रांगेच्या टोकाला जागा मागते. असे का?

उत्तर विक्रेतीकडून शोधले तर सापडत नाही, गिऱ्हाइकाकडून शोधले की लगेच सापडते. मिरची घ्यायला निघालेला माणूस एकट्या बसलेल्या बाईकडे जातच नाही. तिथे त्याला भाव ताडून पाहता येत नाही, रंग शेजारी ठेवून पाहता येत नाही. तो रांगेकडे जातो. म्हणून रांगेतल्या प्रत्येकीला थोडे कमी मिळाले तरी एकटीपेक्षा जास्तच मिळते.

माझी ट्रंक उचलताना तू जे विचारलेस, त्याचे हे उत्तर आहे. तू म्हणालास, “अशें कसलें काम गो तें, जें हांगा जायना? आतां राज्य लेगीत आमचें जालें.” गेल्या वर्षी गोव्याचे वेगळे राज्य झाले, हे खरेच. पण माझ्या कामाची रांग बंगळुरात बसते, दादा. नवे यंत्र डोक्यात असलेली माणसे इथे येतात, म्हणून अशा माणसांवर पैसा लावणारे इथे येतात, आणि म्हणून आणखी माणसे येतात. डिचोलीत मी एकटीच गोणपाट टाकून बसले असते.

काम काय, तेही सांगते. शांतावहिनीच्या माहेरी चोपड्याला गेलो होतो, तेव्हा मोरजीच्या किनाऱ्यावर आपण रापण ओढताना पाहिली होती, आठवते? मी नुसती बघत उभी होते, तर वहिनी ओरडली, “आगो, हात लाय! पळोवन वांटो मेळना!” त्या रापणीत सारे शास्त्र आहे. जाळे एकाचे, ओढणारे हात तीस-चाळीस जणांचे. मासळी आली की जाळेवाल्याचा वाटा ठरलेला आणि हातांचाही ठरलेला. जाळे रिकामे आले तर जाळेवाला कोणाच्या दारात वसुलीला जात नाही. त्याचेही नुकसान, यांचेही नुकसान. बँकेचे तसे नसते. बँक कर्ज देते, मासळी येवो न येवो हप्ता मागते, आणि म्हणून आधी घर, दागिना, काहीतरी तारण मागते. ज्याच्याकडे केवळ कल्पना आहे, त्याला ती दारात उभे करत नाही. आमची नवी संस्था अशा माणसाला जाळे देते. व्याज मागत नाही, वाटा मागते. दहांपैकी सहा-सात जाळी रिकामी येणार, हे धरूनच चालायचे. एखादे असे भरून येते की बाकीच्यांची भरपाई होते.

पाच वर्षे शिकेन आणि परत येईन. जन्मात पहिल्यांदा चवथीला घरी नव्हते. गणपतीवरच्या माटोळीत टांगायला कांगले कोणी आणले? रानात तुझ्याबरोबर कोण गेले? इथे घरमालकीणबाईंनी मोदक दिला. गोड होता. तो देताना त्यांनी “आणखी एक घे” म्हटले नाही, एवढेच.

वहिनीस नमस्कार. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव. तू कंटाळलास तरी ती पुढचे विचारील, “मागीर?”

तुझी,
कमळ

बंगळूर, ३ मार्च १९९१

तीर्थरूप सगुणदादास,

मी येऊन गेले त्याला सहा आठवडे झाले. तुझे पत्र नाही. त्या दिवशी दारात मला बोलता आले नाही, म्हणून काय घडले ते क्रमाने मांडते. चूक कुठे झाली हे क्रम लावला की दिसते, असा माझा विश्वास आहे.

काजूची बोंडे कातळातल्या कुंडात पायांनी तुडवतात. तू त्यासाठी दाबयंत्र केलेस: विजेवाचून चालणारे, एका माणसाने तरफ दाबावी असे, रस जास्त देणारे आणि चोथा वेगळा काढणारे. तू त्याचे चित्र वहीच्या कागदावर काढून पाठवलेस आणि खाली लिहिलेस, “तुझ्या जाळ्यात हें बसतां काय पळय.” त्या रात्रीच मी टिपण लिहायला घेतले. घरच्या माणसाचा प्रस्ताव म्हणून निर्णयात मी भाग घेणार नाही, हे आधीच लिहून दिले. माझ्या वरिष्ठांना ते यंत्र माझ्याइतकेच आवडले. नदीतल्या खनिजाच्या बार्ज दुरुस्त करणारा माणूस काजूचे यंत्र करतो, याचेच त्यांना अप्रूप वाटले.

मग संस्थेच्या वकिलांनी विचारले, कार्यशाळेची जमीन कोणाच्या नावावर? मी सांगितले, बाबांच्या. बाबा नाहीत. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांचा निम्मा-निम्मा हक्क, हे ऐकून ते चकित झाले. त्यांनी सांगितले, आधी वाटप कागदावर आणा, मग पैसा. म्हणून मी डिचोलीच्या न्यायालयात वाटपाचा अर्ज केला. माझा निम्मा भाग माझ्या नावावर झाला की तो तुझ्या कंपनीला नव्व्याण्णव वर्षांसाठी वापरायला द्यायचा, असा माझा बेत होता. सारे तुझ्याचसाठी होते.

हे सारे तुला कळावे म्हणून मी अकरा पानांचे पत्र लिहिले होते. पहिल्या खर्ड्यात कायद्याचा भाग गुंतागुंतीचा झाला, म्हणून दुसरा लिहिला. दुसऱ्यात खाडाखोड फार झाली, म्हणून तिसऱ्यांदा सुवाच्य लिहायला घेतले. मी सातव्या पानावर असताना न्यायालयाचा कागद आमोण्यात, आपल्या घरी, पोहोचला.

आपल्याकडे बहिणीने वाटपासाठी न्यायालयात जाणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या वाड्यावर तसे ज्यांच्या घरात झाले, त्या भावंडांनी पुढे एकमेकांच्या लग्नाचे पानही खाल्ले नाही. हे ठाऊक असलेली मी, बंगळुरात बसून, पत्राचे अक्षर सुधारत राहिले.

मी धावत आले. तू कार्यशाळेच्या दारात उभा होतास, हाताला ग्रीस. मला पाहून तू बाजूला झालास आणि म्हणालास, “येयात. बसात. वांटो मेजून घेवपाक आयल्यात?”

दादा, माझ्या सव्वीस वर्षांत तू मला कधी ‘तुमी’ म्हटले नव्हतेस.

वहिनी आतून पाणी घेऊन आली. “आगो, पयलीं उदक तरी पी! आनी तूं रे, भयणीक अशें उलयतात?”

“भयण खंय? ही अर्जदार,” तू म्हणालास. “कागदार तशेंच बरयलां.”

मी ती खाडाखोडीची अकरा पाने पिशवीतून काढली. तू घेतली नाहीस. आज संपूर्ण पत्र सोबत जोडते. कायद्याचा भाग पान चारपासून आहे. तो सावकाश वाचलास तर माझा हेतू निःसंशय स्पष्ट होईल.

तुझी,
कमलाक्षी

बंगळूर, १८ ऑगस्ट १९९७

तीर्थरूप सगुणदादास,

वर्षातून एक पत्र, असा नेम मी ठेवला आहे. हे सातवे. ती तू वाचतोस की नाही, ठाऊक नाही. वहिनी फोनवर एवढेच म्हणते, “कपाटांत आसात. फाडूंक ना.” तेवढ्यावर वर्ष निघते.

माझ्याविषयी वर्तमानपत्रात छापून आले, हे कदाचित डिचोलीपर्यंत पोहोचले असेल. बेळगावच्या भैरू नावाच्या माणसाला आम्ही सहा वर्षांपूर्वी पैसा दिला होता. तो इलेक्ट्रॉनिक तराजू करतो. तेव्हा त्याच्याकडे एक भाड्याची खोली आणि तीन नापास झालेले नमुने होते. यंदा त्याची कंपनी शेअर बाजारात आली. जाळे असे भरून आले की संस्थेची साऱ्या वर्षांची रिकामी जाळी विसरली गेली. मला भागीदार केले. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, “मॅडम, माणूस निवडायची तुमची पद्धत काय?”

मी म्हटले, “काय बिघडले आहे, हे मी विचारत नाही. तुम्ही स्वतः काय करून पाहिलेत, हे विचारते. ज्याने स्वतः तीनदा उघडून पाहिले आहे, तो चौथ्यांदा दुरुस्त करतो. जो नुसती तक्रार घेऊन येतो, तो पैसाही तसाच बुडवतो.”

त्याने ते ठळक अक्षरांत छापले. ‘कमलाक्षी पद्धत’ असे नावही दिले. आता नव्या मुलांना ते शिकवतात.

ती पद्धत कोणाची, हे तुला सांगायला नको. बार्ज धक्क्याला लागली की तू इंजिनाकडे न जाता खलाशाकडे जायचास. “तुवें किते केलें तें सांग, इंजीन किते करता तें हांव पळयतां.” मी दहा वर्षांची होते, पाना हातात धरून तुझ्या मागे उभी असायचे. मुलाखतीत मी तुझे नाव घेतले नाही. घ्यायला तोंड उघडले होते. मग वाटले, तो विचारील, “तुमचे भाऊ हल्ली काय करतात?” आणि मला सांगता येणार नाही.

जे कळते ते वहिनीकडून. तू दाबयंत्रे स्वतःच करतोस, दर मोसमाला सात-आठ. वाळपईचा एक दुकानदार ती सत्तरी तालुक्यात विकतो. पेडण्याच्या डोंगरांतूनही मागणी येते आणि तू “यंदा जायना” म्हणून परत पाठवतोस. आमच्या संस्थेत तुझी फाइल बंद झाली, ती ज्या ओळीने बंद झाली ती तुला सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘जागेचा वाद न्यायालयात प्रलंबित असल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही.’ टिपण ठेवणे माझे काम होते. अक्षर माझे आहे.

या धंद्यात एक नियम असतो. माडाची रोपे लावतो ना, तसा. जे रोप मरायचे ते पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मरते. जे जगते, त्याला नारळ धरेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. म्हणून नवशिक्याला वाटते, सारी बागच मेली. ज्याला हे गणित ठाऊक असते तो घाबरत नाही, पाणी घालत राहतो. मी हे मोठमोठ्या सभांतून समजावून सांगते, लोक मान डोलावतात. घरी आले की मनात येते, आपल्या दोघांचे काय ते पहिल्याच वर्षी ठरले की अजून पाणी घालायचे आहे? एवढ्या वर्षांच्या अनुभवाने मला हे एकच सांगता येत नाही.

इथे सारे ठीक आहे. मासळी मिळते, नदीची मिळत नाही.

तुझी,
कमळ

बंगळूर, ९ नोव्हेंबर २०००

दादा,

परवा वहिनीचा फोन आला. न्यायाधीशांनी बजावले आहे: येत्या वीस तारखेला, सोमवारी, एकतर वाटप पुरे करा, नाहीतर काय ते मिटवा, यापुढे तारीख नाही. माझ्या वकिलांनीही तेच कळवले होते. मी वहिनीला म्हटले, “दादाला बरे वाटले असेल. दहा वर्षांची कटकट संपेल.”

ती म्हणाली, “तुका खरें सांगूं? तारखो कोण मागतालो म्हूण तुका दिसता?”

“माझे वकील. मीच सांगत होते त्यांना.”

“तुजे एक खेपेक मागताले, हाचे दुसरे खेपेक! वकील म्हणटा, सगुणराव, सोडून सोंपय आतां. तुजो दादा म्हणटा, फुडली तारीख घे. एक दीस हांवें विचारलें, कित्याक रे? तर म्हणटा, केस सोंपल्यार तिच्या नांवाचो कागद खंयसून येतलो?”

मी फोन ठेवला आणि कार्यालयाचे दार लावून घेतले. बाहेर तीन तरुण त्यांच्या कंपनीचे सादरीकरण घेऊन बसले होते. त्यांना पाऊण तास थांबावे लागले. मी कोणाला कधी ताटकळत ठेवत नाही.

आता जे लिहिते ते अकरा पानांत नव्हते.

वकिलांनी मला दोन मार्ग सांगितले होते. एक, वाटपाचा अर्ज. दुसरा, हक्कसोड: मी एका कागदावर सही करायची, सारी जागा तुझी, पंधरा दिवसांत काम पुरे. आपल्याकडच्या बहिणी करतात तेच. तुझी कंपनी त्याच मोसमात उभी राहिली असती. मी पहिला मार्ग घेतला आणि सर्वांना, तुला, स्वतःलाही, तो संस्थेचा नियम म्हणून सांगितला. संस्थेला कोणताही चालला असता.

मला ती सही करवली नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, हे तू आता तरी मानशील. सही केली असती, तर आमोण्याला मी पाहुणी म्हणून आले असते. वहिनीने ताट वाढले असते, तू खुर्ची पुढे केली असतीस, आणि नदीकडच्या पायरीवर बसताना मला ‘बसू का?’ असे वाटून गेले असते. पाच वर्षांनी परत येईन, असे मी लिहिले होते. ते खरे नाही, हे दुसऱ्याच वर्षी मला कळले. माझी रांग इथेच होती. परत येणार नाही हे जिला कळले आहे, तिला परत येण्याचा हक्क सोडवत नाही. एवढी साधी गोष्ट मी कायद्याच्या भाषेत गुंडाळली, आणि तिच्यापायी तुझी कंपनी गेली. त्याची भरपाई माझ्या कोणत्याही भरलेल्या जाळ्यातून होणार नाही. क्षमा माग म्हणालास तर मागते. मागितली म्हणून गेलेली वर्षे परत येत नाहीत, हेही जाणते.

वीस तारखेला मी काय करणार आहे, ते आधी सांगते. या वेळी कागद पत्राच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. अर्ज मी केला होता, मीच मागे घेणार आहे. निम्मे मागणार नाही आणि सोडणारही नाही. जागा होती तशी राहील, बाबांच्या नावाची, न वाटलेली. पुढे तुला कंपनीसाठी, कर्जासाठी, कशासाठीही माझी सही लागली, तर लागेल त्या दिवशी येईन आणि आमोण्यातच बसून करीन. अर्ज मागे गेल्यावर न्यायालयाकडून तुझ्याकडे माझ्या नावाचा कागद कधी येणार नाही. जे काही येईल ते मला स्वतः लिहावे लागेल, आणि तुला उघडावे लागेल.

वकिलाला पाठवत नाही. स्वतः येत आहे. आदल्या दिवशीच, रविवारी, डिचोलीला उतरेन.

एक सांगून थांबते. मतभेद झालेल्या भागीदारांना मी एक चाचणी करायला सांगते. तिला कागद लागत नाही, वकील लागत नाही, क्षणभराचे काम आहे. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, तो अमुक दिवशी येणार, अशी बातमी कानावर घ्यायची आणि मनात आपोआप येणारा पहिला विचार पकडायचा. दुसरा नको, दुसरा आपण रचलेला असतो. पहिला विचार ‘आता काय म्हणणार?’ असा आला, तर हिशेब अजून उरला आहे. मग खुशाल घरी राहावे. पण पहिल्याने ‘कशाने येणार, किती वाजता पोहोचणार?’ असे मनात आले, तर उरलेले सारे गौण आहे.

तुला बातमी मी वर दिली आहे. रविवारी येते आहे, एवढेच लिहिले आहे. कुठल्या बसने, हे मुद्दामच लिहिलेले नाही.

कमळ